थर आडवे ठेवणारा गवंडी

मित्रांनो, वाचनालयाच्या दाराला लागून डाव्या हाताला जो तांबूस वालुकाश्म आहे, तो मी. माझ्यावर हात टेकून तुम्ही चपला काढता, म्हणजे आपली तोंडओळख आहेच.

एके काळी मी नुसती वाळू होतो. ऊन-पावसाने डोंगर झिजला, नदीने त्याचे कण वाहून आणले आणि जिथे ती दमली तिथे टाकून दिले. एका पुराचा थर, त्यावर दुसऱ्याचा. वरच्या भाराने आम्ही दबलो, पाण्यात विरघळलेल्या लोहाने कणाला कण चिकटवला आणि लाखो वर्षांनी खडक झालो. आमचा गोतावळा मोठा आहे. गोटे सांधले गेले की पिंडाश्म होतो, बारीक चिखल दबला की शेल. आम्ही तुकड्यांचे, कणांच्या आकारावरून ओळखले जाणारे. शिंपल्यांच्या चुऱ्यापासून झालेला चुनखडक जीवांपासूनचा, तर पाणी आटून उरलेला मिठाचा खडक रासायनिक.

खाणीतून इथे आलो तेव्हा एका गवंड्याने माझ्या कडेवर ओला हात फिरवला. थरांच्या रेघा दिसू लागल्या. त्याने मला जमिनीत होतो तसेच, थर आडवे ठेवून बसवले. डावी भिंत त्याने अशीच पुरी केली.

मुकादमाला ते रुचले नाही. "उजवीकडचे दगड उभे लावा, दादा. रुंद बाजू बाहेर आली की भिंत देखणी दिसते."

"थरांत पाणी शिरेल, साहेब. पापुद्रे सुटतील."

"तोंड चालतंय तेवढे हात चालवा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

गवंड्याने थापी धुतली आणि पिशवीत टाकली. चुना कालवणारी त्याची लेक म्हणाली, "बाबा, लावले असते तर आपलं काय बिघडलं असतं?"

"आपलं काहीच बिघडलं नसतं गं," तो म्हणाला आणि चालू लागला.

उजवी भिंत दुसऱ्याने बांधली. जो तो तिचेच कौतुक करी. खोटे कशाला बोलू, मला हेवा वाटे.

बारा वर्षांनी त्या भिंतीचे पापुद्रे सुटू लागले. एका सकाळी त्यातला एक ग्रंथपालबाईंच्या खांद्यावर पडला. हाड मोडले. वाचनालयाला कुलूप लागले आणि दगड एकच म्हणून दोन्ही भिंती पाडायचे ठरले.

दुरुस्तीसाठी ती लेकच आली. आता ती स्वतः गवंडी होती. तिने आम्हाला भिजवून पाहिले. "डावी पाडू नका. तिला शंभर वर्षं काही होत नाही."

निवृत्त मुकादम काठी टेकत आले होते. "तुझे बाबा...?"

"घरीच असतात. हात थरथरतात आता."

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. खुर्ची मांडली. लेक नवे दगड आडवे बसवत होती, म्हातारा गवंडी बघत होता आणि मुकादम दिवसभर त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. स्वतः उन्हात.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. कुठेही बसवण्याआधी आमची कड जरा भिजवून बघा. आणि ती वाचता येणारे माणूस भेटले, तर त्याचे त्याच दिवशी ऐका.