करिमाचं कापड

राजमहंमद चाचांना मी जे बोलले, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नव्हती.

सन छत्तीस सरत आलं होतं. रमजानची ईद होऊन आठवडा झाला होता आणि आमचं घर हजच्या तयारीत बुडालं होतं. माझी सासू, जिला सगळी गल्ली अम्मा म्हणते, गेली तीस वर्षं मक्केचं नाव घेत होती. बारामतीच्या मंडईजवळ आमच्या मालकांचं, रसूल बागवानांचं, फळं-भाजीचं दुकान. यंदा त्यांनी आईला कबूल केलं. अम्मांना उठवाबसवायला, न्हाऊ घालायला बाईमाणूस हवं म्हणून माझंही नाव लागलं. राहिली आमची करिमा, पाच वर्षांची. तिला न्यायचं की ठेवायचं, हे ठरवायचं काम माझ्यावर टाकून मालक मोकळे झाले. म्हणाले, "तुजी पोरगी हाय, तू ठरव." जणू काही पोरगी मी एकटीनंच माहेराहून आणली होती!

मला पाण्याचं भय होतं. खोटं कशाला बोलू? मुंबईहून आगबोटीत बसायचं आणि अकरा-बारा दिवस जमीन बघायची नाही. मी पाणी पाहिलेलं ते किती? माहेरची, शेळगावची विहीर, नीरेचा कालवा आणि एकदा लग्नाला गेले तेव्हा इंदापूरच्या बाजूला भीमेचा पूर. त्या पुराला निदान पलीकडचा काठ होता. ज्या पाण्याला पलीकडचा काठच दिसत नाही त्यावर माणसं झोपतात कशी, जेवतात कशी, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पीठ चाळता चाळता मध्येच चाळणी तशीच हातात राहायची.

सल्ला द्यायला मात्र अख्खं गाव तयार. दौंडाच्या पुढं ज्यांनी पाऊल टाकलं नाही, ते मला बोटीवर काय लागतं ते सांगत होते. कुणी म्हणे सुंठ घ्या, कुणी म्हणे ओवा घ्या. बोट लागली की आंबट चाखावं लागतं, असं एकीनं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत घरात लिंबाच्या लोणच्याच्या चार बरण्या येऊन पडल्या. दवाखान्यात जाऊन आम्ही चौघांनी टोचून घेतलं होतं, करिमानंही. न्यायचं ठरलंच तर कागद तयार असावा म्हणून.

खरोखर बोटीत बसून आलेला माणूस आमच्या ओळखीत एकच, राजमहंमद चाचा. दहा वर्षांपूर्वी ते हज करून आले होते. साठीचे, उंच, कमी बोलणारे. घरी एकटेच असत. त्यांची बायको वारली आहे, एवढंच मला ठाऊक. मी या गावात लग्न होऊन आले त्याला आठ वर्षं झाली होती आणि आमच्याकडं ते सहसा येत नसत. मालकांनीच त्यांना सामान बघायला बोलावलं.

चाचा आले, पत्र्याच्या पेटीसमोर बसले आणि मी चार दिवस खपून भरलेलं सगळं एकेक करून बाहेर काढलं. मी दात आवळून उभी. पीठ त्यांनी डब्यात भरायला लावलं, कापडाच्या पिशवीत दमट होतं म्हणाले. शेगडी पसंत केली. मग म्हणाले, "दोरखंड घ्या चांगलं. पेटी बोटीच्या खांबाला बांधावी लागती. न्हाय बांधली तर रातीला घसरत ह्या टोकापासनं त्या टोकापातूर जाती."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मला मात्र पेटी दिसली नाही, करिमा घसरताना दिसली.

सगळ्यात तळाशी पांढऱ्या लठ्ठ्याच्या घड्या होत्या. हजला जाणारा माणूस आपलं कफन बरोबर नेतो. तिकडं जमजमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात बुडवून, वाळवून परत आणतो आणि आपल्या मरणाच्या दिवसासाठी जपून ठेवतो. वाटेतच बोलावणं आलं तर कापडासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. अम्मांनी तिघांची कापडं स्वतः बसून कापून घेतली होती, ती सुद्धा लग्नाचा बस्ता बघावा तशा आनंदानं. मला त्या घड्या पेटीत ठेवतानाही नजर दुसरीकडं वळवावी लागली होती.

चाचांनी घड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मान वर करून विचारलं, "तीनच? पोरीचं कुटं हाय?"

"तिचं न्हाय कापलं," अम्मा हळूच म्हणाल्या.

"कापा. पोरीला संगं न्या, आन् तिचंबी कापड संगं न्या."

करिमा दारात बसून खारका मोजत होती. माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मी पुढं होऊन ती घडी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"चाचा, तुमच्या जिभंला हाड हाय का न्हाय? पाच वरसाच्या लेकराचं कफन मागताय? सोताचं पोर असतं ना तुमाला, तर आसं बोलायला जीभ रेटली नसती!"

मालक खाली बघायला लागले. अम्मांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, वडीलधाऱ्या माणसाला उलट बोलले म्हणून. चाचांनी बाहेर काढलेलं सामान पुन्हा नीट पेटीत लावलं, झाकण टेकवलं आणि चपला घालून निघून गेले.

त्याच दिवशी मी ठरवलं. करिमाला बोटीवर न्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी शेळगाव गाठलं. आईवडील राहिले नव्हते, पण शेजारच्या मळ्यातली प्रयागबाई होती. आम्ही दोघी एका मोटेवर खेळलेल्या. तिची वांगी आणि मिरच्या अजून आमच्या मालकांच्या दुकानावरून जातात. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले.

"आगं, रडतीस कशापायी?" प्रयागबाई म्हणाली. "चार म्हैन्यांचा तर परश्न हाय. माजी चार हायेत, त्यात ही पाचवी. तुजी पोरगी मला परकी हाय व्हय?"

"तिला अंगावर घेऊन निजावं लागतं, प्रयागे."

"मग निजंल माज्या अंगावर."

तिथं नुकतं व्यायलेल्या शेळीचं करडू होतं. करिमा त्याच्यामागं धावली ती धावलीच. निघायच्या आदल्या दिवशी तिला आणून सोडायचं, असं ठरवून आम्ही परत फिरलो. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला भाकरी गोड लागली. समुद्राचं भय गेलं नव्हतं, पण आता ते माझ्या एकटीच्या जिवापुरतं होतं आणि तेवढं मला झेपत होतं.

मग माफीचे दिवस आले. हजला निघण्याआधी माणसानं सगळ्यांच्या दारी जावं, बोललंचाललं, दुखावलं असेल त्याची माफी मागावी आणि समोरच्यानं तोंडानं ‘माफ केलं’ म्हणावं, अशी आमची रीत. कुणाचं मन दुखावून गेलेल्याची हज कशी पोचायची? मी गल्लीतलं एकेक घर घेतलं. जिच्याशी पाण्यावरून भांडले होते तिचीही माफी मागितली, आणि तिनं इतक्या थाटात दिली की पुन्हा भांडावंसं वाटलं. चाचांचं घर मात्र मी रोज उद्यावर ढकलत होते.

निघायला दोन दिवस राहिले, तेव्हा अम्मांनी माझा हात धरला. "राजमहंमदाकडं जाऊन ये, बेगम. त्याच्या माफीबिगर मी बोटीत पाय ठेवायची न्हाय."

भर दुपारी गेले. करिमा बरोबर होती. चाचा ओट्यावर सुंभ वळत बसले होते. मी पदर सावरून म्हणाले, "चाचा, त्या दिशी लई बोलले. माफ करा."

त्यांनी लगेच ‘माफ केलं’ म्हटलं नाही. ते करिमाकडं बघत होते.

"पोरीला ठिवून चाललीस म्हनं?"

"व्हय. शेळगावला. तितं सुकरूप राहील. पान्याची धास्ती न्हाय."

"मीबी आसंच म्हनलो होतो," चाचा म्हणाले. हातातला सुंभ तसाच वळत राहिले. "माजी झैनब सा वरसांची होती. पान्याच्या धास्तीनं सनसरला भनीकडं ठिवली. भन जीव लावनारी. आमी दोगं नवराबायको गेलो. चार म्हैनं. बोटीवर रोज नमाजानंतर तिच्या आयुष्यासाटी दुवा मागायचो. काब्याला हात लावून मागितली. तिच्यासाटी लाल मण्यांची माळ घेतली."

मी उभी होते ती खालीच बसले.

"परत आलो, ठेसनावर निम्मं गाव. हार घातलं, गळाभेटी झाल्या, माजे हात डोळ्यांना लावले लोकांनी. मी आपला गर्दीत खाली बघतोय, पोरांच्या उंचीवर. कुनी काय बोलंना. हाजीच्या सोहळ्यात कुनी रडं घालू नये म्हनून सगळ्यांनी ठरवलंवतं. घरात आलो, हार उतरवलं, मग भनीनं सांगितलं. घटसर्प झाल्ता. आमी गेल्याच्या आठव्या दिशी."

करिमा माझ्या मांडीवर येऊन बसली होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"आठव्या दिशी," चाचा पुन्हा म्हणाले. "म्हंजी आमी आजून बोटीतच. मी चार म्हैनं मातीत गेलेल्या पोरीचं आयुष्य मागत होतो, बेगम. तिच्या आंगावर कापड बी शेजारनीच्या घरचं. तिची आई दोन वरसं जगली. मला येकदा बी बोलली न्हाय की तुमी ठिवली म्हनून. बोलली आसती तर बरं झालं आसतं."

शेवटी चाचाच म्हणाले, "तुला ठावं नव्हतं. माफ केलं. जा."

घरी येताना मी करिमाचा हात सोडला नाही. आठ दिवस मला वाटत होतं की एकीकडं भय आहे आणि दुसरीकडं नाही. आता दोन्हीकडं तेच होतं. बोटीवर घसरणारी पेटी होती, आणि शेळगावात घटसर्प, साप, विहीर, ताप, सगळं होतं. फरक एवढाच की तिथं काही झालं तर मी मक्केत दुवा मागत बसणार आणि मला कळणारही नाही.

"अम्मा, तुमाला ठाऊक होतं," मी घरात पाय ठेवताच म्हणाले.

"सगळ्यांला ठाऊक हाय."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"कसं सांगू? ठिव म्हनले आन् हितं काय झालं तर? ने म्हनले आन् तितं काय झालं तर?" तीस वर्षं आनंदानं वाट बघणारी ही बाई माझ्याइतकीच घाबरलेली आहे, हे मला तेव्हा कळलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

"करिमा संगं येनार," मी म्हणाले.

प्रयागबाईला मालकांनी वांग्याच्या गाडीबरोबर निरोप धाडला. मी कोनाड्यातून उरलेला लठ्ठा काढला, अंथरला, कात्री घेतली. अम्मा भिंतीला टेकून बसून राहिल्या. मी करिमाला हाक मारली आणि समोर उभं केलं. डोक्यापासून पायापर्यंत सुतळी धरली. सुतळी किती लहान भरली! मला गाठ मारता येईना.

करिमा मात्र खूश. टाचा जुळवून, मान ताठ करून उभी राहिली होती. "आई, बोटीवर घालायला हाय?"

मी मान हलवली. होय की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

"मग वाढत्या आंगाचं काप," ती शहाण्यासारखी म्हणाली. "तू झग्याला कापतीस तसं. न्हायतर म्होरल्या साली तोकडं हुईल."

अम्मांनी डोळे मिटून घेतले. मी कात्री खाली ठेवली. पोरीनं विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. मग मी ती सुतळी चुलीत टाकली. लठ्ठ्यावर स्वतः आडवी झाले, डोक्याच्या वर एक हात सोडला, पायाच्या खाली एक हात सोडला आणि कोळशानं खूण केली. पोरी आईपेक्षा उंच निघतात कधी कधी.

"येवढं?" अम्मांनी डोळे उघडून विचारलं. "कुनाचं हे?"

"करिमाचं," मी म्हणाले. "म्हातारी हुईल तवाचं."

अम्मा गुडघ्यावर रांगत पुढं आल्या, कापडाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं, आणि मी कात्री लावली.