त्रेचाळीस नंबर

"बाळगोंडा, बेचाळीस लिव आन् मोकळा हो," असं सांगून हेडक्लार्क भाऊसो जेवायला उठला. बाळगोंडानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग उगाच उठून माठातलं पाणी प्यायला. तहान नव्हती.

साखर कारखान्याच्या कामगारांची दवाखान्याची बिलं तो चौदा वर्षं पाहत होता. दोन वर्षांपूर्वी, बहात्तर साली, मुंबईहून एक छापील तक्ता आला आणि प्रत्येक ऑपरेशनला नंबर पडला. एक्केचाळीस म्हणजे साधा हर्निया. बेचाळीस म्हणजे एकदा शिवलेला, पुन्हा उसवलेला. तो जुना आजार धरायचा, खर्च नाही आणि माणूस कामाला नालायक. त्रेचाळीस म्हणजे आतडं अडकून जिवावर बेतलेला. त्याला खर्चही मिळायचा आणि बरा झाल्यावर हलकं कामही.

गोदामातला हमाल आकाराम याचं पोट पूर्वी एकदा शिवलेलं होतं. गेल्या आठवड्यात पोतं पाठीवर घेताना ते उसवलं, आतडं बाहेर येऊन अडकलं, आणि त्याला जीपमध्ये घालून सांगलीला ऑपरेशनला न्यावं लागलं. डॉक्टरांच्या कागदात दोन्ही गोष्टी होत्या. फॉर्मवर जागा एकाच नंबरची.

आकारामची बायको साळूबाई सकाळपासून व्हरांड्यात बसली होती. बाळगोंडा बाहेर आला तशी ती उभी राहिली. पैशाचं तिनं काही विचारलं नाही.

"आण्णा, त्यास्नी कामावर घेत्याली न्हवं? बसून ऱ्हायाचं ठावं न्हाई त्यास्नी. याड लागंल."

बघतो, म्हणून तो आत आला. पण खुर्चीत बसवेना. गेल्या साली कृष्णात नावाच्या हमालाच्या फॉर्मवर त्यानं असाच बेचाळीस घातला होता. कृष्णात बायकापोरं घेऊन फलटणकडं निघून गेला. जाताना त्यानं बाळगोंडाला रामराम केला होता.

भाऊसो जेवून यायच्या आत बाळगोंडानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सांगलीची एस.टी. धरली. डॉक्टर नुकतेच ऑपरेशन आटोपून हात धूत होते. दोनातला खरा आजार कोणता, असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला.

"जुना टाका उसवला म्हणून मी रात्री धावत आलो नाही," ते म्हणाले. "आतडं काळं पडत चाललं होतं. आणखी दोन तासांनी माणूस हाती लागला नसता."

तेवढं लिहून द्या, असं बाळगोंडा म्हणाला. त्यांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्रेचाळीस लिहिला आणि चिठ्ठी टाचली. भाऊसोनं ती दोनदा वाचली. कुणाच्या हुकमानं गेला होतास, असं विचारलं. कुणाच्याच नाही, असं बाळगोंडानं सांगितलं. चिठ्ठी होती, त्यामुळं बिल अडवता आलं नाही.

त्याच दुपारी त्यानं कृष्णातचे जुने कागद उपसले. तिथंही डॉक्टरांच्या अक्षरात दोन्ही गोष्टी होत्या. त्यानं हमालांकडून फलटणचा पत्ता घेऊन पत्र घातलं. महिन्यानं ते तसंच परत आलं, वर पोस्टाचा 'मालक सापडत नाही' असा शेरा.

गाळप सुरू झालं आणि बाळगोंडाची बदली वजनकाट्यावर झाली. दिवसभर उन्हात उभं राहून उसाच्या गाड्या घ्यायच्या. समोर गेटवर आकाराम वॉचमन म्हणून रुजू झाला होता, पोटाला पट्टा बांधून. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"आण्णा, तुमी हापिसातलं मानूस," तो जवळ येऊन म्हणाला. "हितं कसं? काय चुकलं का तुमचं?"

"चुकलं हुतं," बाळगोंडा म्हणाला. "गेल्या साली."

आकारामला काही उमगलं नाही. त्यानं गेटवरचं आपलं स्टूल उचललं, काट्याच्या पत्र्याखालच्या सावलीत आणून ठेवलं आणि परत जाऊन गेटपाशी उभा राहिला. बाळगोंडा बसला नाही. त्यानं पुढच्या गाडीला हात केला.