किल्लेदाराच्या रक्ताची भिंत

एकोणीसशे चोपन्नच्या माघात, एका रविवारी सकाळी, मनोरीच्या टेकडीवरच्या पडक्या कोटात तीन-साडेतीनशे माणसं एका भिंतीला रक्त येण्याची वाट बघत बसली होती. मार्व्याहून होड्या भरून येत होत्या. मुलुंडचे हेडक्लार्क होते, अंधेरीच्या मास्तरीणबाई होत्या, गावातले कोळी तर झाडून सगळे होते.

गडनाथ महाराज तिसऱ्या बुरुजाशी उभे राहिले. अंगात भगवी कफनी, मनगटावर घड्याळ.

"मंडळी, आत्मा म्हणजे रेडिओ," ते म्हणाले. "गाणं हवेत असतंच. स्टेशन लावायला गुरू लागतो. याच जागी शूर सुभानजी किल्लेदार पडला. डावा हात तोफेनं नेला, तरी तीन घटका उजव्यानं लढला. शेवटी फिरंग्यांनी पिसाळलेले कुत्रे सोडले. कुत्रे चावले, पण विष चढलं नाही. ते रक्त या दगडात जिवंत आहे."

त्यांनी तांब्यातलं भंडाऱ्याचं तीर्थ भिंतीवर शिंपडलं. पिवळं पाणी दगडावर पडलं आणि बघता बघता लालभडक होऊन ओघळलं. बायांनी पदर पसरले. हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, तरी लालच.

सुभानजी किल्लेदाराचा इतिहास मला बारकाईनं ठाऊक होता, कारण तो मी रचला होता.

पेन्शनीत आल्यापासून मी मनोरीला राहतो. रविवारी सहलीला येणाऱ्यांना कोट दाखवतो. खरा इतिहास एका विडीत संपतो, म्हणून मी सुभानजी आणला. आदल्या वर्षी पार्ल्याच्या एका बाईंना तोही फिका वाटला, तेव्हा कुत्रे ऐन वेळी घातले. त्या दिवशी मागे उभा असलेला एक गृहस्थ वहीत टिपून घेत होता. मला वाटलं, इतिहासाची आवड दिसते.

आता महाराजांनी पुढे बोलावलं ते धर्माला. धर्मा म्हणजे आमच्या गावच्या पुतळाबाई कोळणीचा मुलगा, होडीवर वाघ. सहा दिवसांपूर्वी त्याला बंदरावर कुत्रं चावलं, आणि ते कुत्रं तिसऱ्या दिवशी मेलं. सरकारी दवाखान्यात पोटात चौदा सुया घ्यायच्या होत्या. चार घेतल्यावर धर्माला महाराज भेटले. महाराजांच्या इलाजात सुई नव्हती, त्यामुळे त्याची श्रद्धा लगेच बसली. दोन दिवस तो दवाखान्याकडे फिरकला नव्हता.

महाराजांनी भिंतीच्या लाल पाण्यात अंगठा बुडवून त्याच्या कपाळावर टिळा ओढला. "झालं. आता सुई टोचलीस तर किल्लेदाराचा कोप होईल."

मी उठलो. "मंडळी, सुभानजी नावाचा कोणी नव्हताच. ती माझी थाप आहे. कुत्रेसुद्धा माझेच."

पुतळाबाई म्हणाली, "भाऊ, इतक्या वर्षांत तुम्ही एक गोष्ट खरी सांगितली नाय. मग आजची कशी खरी मानू?"

महाराज प्रेमानं हसले. "भाऊ, तू रचलं असं तुला वाटतं. किल्लेदारानंच ते तुझ्या तोंडून वदवलं."

मी खाली बसलो. एवढ्या तोलामोलाची थाप मला साठ वर्षांत सुचली नव्हती.

धर्माची बायको पार्वती मात्र नवऱ्याच्या सदऱ्याकडे बघत होती. तीर्थाचे शिंतोडे त्याच्यावरही उडाले होते.

"महाराज," ती म्हणाली, "भिंतीवर रगत आणि सदऱ्यावर हळद, असं कसं?"

"सदऱ्यात आत्मा नसतो, मुली."

"साबन लावला की येतो. मी रोज म्हावऱ्याला हळद लावते. लुगड्याला पुसलेली हळद धुताना अशीच लाल व्हते. माझ्या लुगड्यावर कोन लढाई खेळला?"

बायांमध्ये कुजबुज झाली. तीनशे माणसांतल्या निम्म्या बाया हळदीचे डाग धुण्यात म्हाताऱ्या झाल्या होत्या. टेकडी चढताना ते ज्ञान त्या घरी ठेवून आल्या होत्या.

पार्वतीनं महाराजांच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि धर्माच्या कपाळावर पिळलं. टिळा पिवळा झाला. भिंतीवर पिळलं, तिथलं रक्तही पिवळं.

"किल्लेदार शांत झाला," महाराज म्हणाले.

तिनं उरलेलं तीर्थ शेजारच्या दगडावर ओतलं. तो पिवळाच राहिला.

"हा दगूड पळून गेलता का लढाईतून?"

आता हसले ते मुलुंडचे हेडक्लार्क. मी भिंतीच्या कोरड्या भागावर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. आमचा भिकाजी शिंपले भाजून चुना करतो. त्याच्यापुढे बोट धरलं. त्यानं नीट बघितलं.

"ताजा चुना हाय. माझाच. शुक्रवारी यांचा चेला एक टोपली घेऊन गेला."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"कोनी इचारलाच नाय."

एवढाच चमत्कार. चुन्याचं पाणी आदल्या दिवशी भिंतीला फासायचं. चुना किंवा साबण लागला की हळद लाल होते, लिंबाच्या आंबटानं पुन्हा पिवळी.

महाराजांना त्याच क्षणी समाधी लागली. समाधीतच ते झपाझप टेकडी उतरले आणि समाधीतच होडीत बसले.

धर्मा अजून अडून होता. "हळद तर हळद. पन सुई लय दुखते."

पुतळाबाई उठली. मुलाकडे, मग सुनेकडे बघितलं. "पार्वते, तू एक हात धर, मी एक धरते." होडीवरच्या वाघाला दोघींनी धक्क्यापर्यंत ओढत नेलं. मीही गेलो, पापाचा वाटेकरी म्हणून.

होडीत पुतळाबाईनं विचारलं, "कोटाचं खरं काय ते तरी सांगा, भाऊ."

"फिरंग्यांनी दर्यावर नजर ठेवायला चार भिंती बांधल्या. मराठे आले तेव्हा आत कोणी नव्हतं. लढाई झालीच नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

डॉक्टरांनी सगळ्यांना झाडलं आणि चौदा सुया पहिल्यापासून सुरू केल्या. धर्मानं सगळ्या घेतल्या, शिव्या देत. पुढच्या पावसाळ्यानंतरही तो होडीवर जात होता.

वाचकहो, गडकोट बघायला जरूर जा. पण कोणी इतिहास सांगू लागला, तर त्याला विचारा, हे कुठे लिहिलंय. कोणी दगडातून रक्त काढलं, तर शेजारचा दगड तपासा. आणि कुत्रं चावलं, तर जखम साबणानं खळखळून धुवा आणि मिळेल ती पहिली होडी धरून दवाखाना गाठा. सुई दुखते, हे मात्र खरं आहे.