डोमाजीचा भोंगा

वडनेरहून लग्न होऊन पुलगावात आलेल्या सुमित्राला सासूचं भय वाटलं नाही की नवऱ्याचं. भय वाटलं ते गावाबाहेरच्या दारूगोळ्याच्या डेपोचं. तो तिने कधी पाहिलाही नव्हता. तारांच्या कुंपणापलीकडे काय काय भरून ठेवलंय हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्याच्या त्याच्याजवळ सांगायला भरपूर होतं. शेजारच्या वच्छलाबाईने तर पहिल्याच हळदीकुंकवाला सांगून टाकलं, "डेपोचा भोंगा खालीवर, खालीवर वाजला ना बाई, तं चुलीवरचं चुलीवर सोडाचं अन् नदीकडे पळत सुटाचं. मांगं पाहाचं नाई." असलं काही सांगताना वच्छलाबाईच्या अंगात वेगळीच हुशारी यायची.

आणि पहिल्याच वर्षी एका सकाळी तो भोंगा खरंच वाजला. तपासणीचा होता. गावाला आधी कळवलेलं होतं, फक्त घरातल्या नव्या सुनेला सांगायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं. पिठाचे हात, डोक्यावर पदर नाही, अशी सुमित्रा पार रस्त्यापर्यंत पळाली आणि सगळी आळी पोट धरधरून हसली. हसणाऱ्यांचं काय जातं! तेव्हापासून गिरणीचा साधा भोंगा झाला तरी ती हातातलं टाकून दाराशी धावायची, आणि गिरणीचा भोंगा तर रोजचाच.

अशा बाईला नवरा मिळाला तो डोमाजी. कामाला कापडाच्या गिरणीत, पण खरा जीव नकलांत. रेल्वेचं इंजिन, फाटकाची घंटा, गिरणीचा मुकादम, रवंथ करणारी म्हैस, सगळं त्याच्या गळ्यात होतं. गणपतीच्या मेळ्यात तो भोंग्याचं गाणं म्हणायचा. भोंग्याच्या धाकात जगणाऱ्या एका गिरणीवाल्याचं गाणं होतं ते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी डोमाजी तोंडाने असा भोंगा काढायचा की पुढच्या रांगेतली पोरं कानांवर हात ठेवायची.

बायको म्हणते, जेवून जा. भोंगा म्हणतो, चाल!
घास राह्यला ताटामंदी, कोरडे माहे गाल!
भोंऽऽऽ!

वर्ध्याच्या एका समारंभात हे गाणं रेडिओच्या कुणा साहेबाने ऐकलं आणि डोमाजीला नागपूरहून बोलावणं आलं. संध्याकाळी हसण्याहसवण्याचा कार्यक्रम लागायचा, त्यात पाहुणा म्हणून! डोमाजीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. धुतलेलं धोतर, मागून आणलेला कोट, डोक्याला तेल. निघताना मात्र उंबऱ्यात थबकला.

"आईले एकटी सोडू नको, सुमित्रा. तिले उठता येत नाई. तिच्याजवळच राहजो."

"मी काय कुठी जाऊन राह्यली?" सुमित्रा म्हणाली. "तुमी बिनघोर जा. अन् थंड पानी पिऊ नका, गळा बसन."

डोमाजीची आई देवकाबाई. गेल्या पावसाळ्यापासून तिचे पाय गेले होते. कमरेवरची बाई मात्र शाबूत. जीभ तर जास्तच. दिवसभर खाटेवरून ती सगळी आळी चालवायची. सुमित्राने तिचं सगळं केलं होतं, उठवण्यापासून न्हाऊ घालण्यापर्यंत, आणि कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. आळीतल्या सासवा आपल्या सुनांना तिचा दाखला द्यायच्या. सुमित्राला ते मनातून आवडायचं. का आवडू नये?

घरासमोर हिरालालचं हॉटेल होतं. त्याने त्या दिवशी रेडिओला कर्णा जोडून तो थेट रस्त्याकडे तोंड करून टांगला. पुरुषमंडळी बाकांवर, ओट्यावर, जागा मिळेल तिथे बसली. बायांनी हॉटेलापुढे उभं राहणं बरं दिसत नव्हतं, म्हणून सुमित्राने सासूची खाट पुढच्या दाराशी ओढली आणि स्वतः खाली बसली.

खरखर झाली, एक बाई काहीतरी गोड बोलली, आणि डोमाजीचा आवाज आला. तोच आवाज, पण कुठून तरी फार लांबून, कोट घालून आलेला. देवकाबाईने सुनेचा हात गच्च धरला. पहिलं कडवं झालं, गिरणीचा भोंगा झाला, हॉटेल हसलं. सुमित्राही हसली. भोंगा नवऱ्याच्या तोंडचा आहे हे माहीत असलं की त्याचं भय वाटत नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि तिला फार मोकळं वाटलं. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या, ती रेडिओतली बाई आभार मानू लागली.

"झालं वाट्टे," सुमित्रा उठत म्हणाली. "मांगच्या मिरच्या उचलून आनतो, आत्याबाई. दव पडन."

मागच्या अंगणात ती मिरच्या गोळा करत होती. टोपली अर्धी झाली असेल, आणि भोंगा सुरू झाला.

गिरणीचा नव्हता. गिरणीचा एकसुरी असतो. हा खालून उठला, वर चढला, खाली आला, पुन्हा चढला. घराच्या भिंतींना आपटून तो चारी बाजूंनी येत होता. पलीकडून वच्छलाबाई किंचाळली, "डेपोचा! डेपोचा वाजून राह्यला! पळा वो!"

सुमित्राच्या हातातून टोपली सुटली. मागचं दार उघडलं कोणी, कडी काढली कोणी, तिला आठवत नाही. मागच्या बोळातल्या बाया, कडेवर पोरं घेऊन, नदीच्या वाटेला लागल्या होत्या आणि त्यांच्यात ती होती. पायात वहाण नव्हती. शेताच्या बांधा-धुऱ्यावरचे काटे रुतत होते आणि कळत नव्हते. आता होईल, आता होईल, एवढंच डोक्यात. पाठ अशी आखडली होती, जणू पहिला धमाका तिच्या पाठीवरच बसणार.

शेताच्या कडेला एका बाभळीखाली बाया धापा टाकत थांबल्या. वच्छलाबाईने सगळ्यांवर नजर फिरवली आणि विचारलं, "सुमित्रा, म्हातारी कोठी हाय?"

सुमित्राने वळून घराकडे पाहिलं. खाट दाराशी, खाटेवर म्हातारी, तिला उठता येत नाही. हे सगळं तिला तेव्हा आठवलं. त्याआधी आठवलंच नव्हतं, आणि हेच भयंकर होतं.

"मी जातो," ती म्हणाली. पाऊल मात्र उचललं नाही.

कोणी तिला धरलं नव्हतं. वाट समोर होती, घराची कौलं दिसत होती. मागे फिरावं, पळत जावं, म्हातारीला पाठीवर घ्यावं, हे सगळं ती मनात करत होती, आणि पाय बाभळीखाली तसेच्या तसे. भोंगा थांबला होता. थांबलेला भोंगा तर वाजणाऱ्याहून वाईट. आता नक्कीच होईल. ती खाली बसली, कानांवर हात ठेवले आणि वाट पाहू लागली. सासू जाईल त्या क्षणाची वाट आपण इथे बसून पाहतोय, हे तिला कळत होतं. कळूनही ती उठली नाही.

थोड्या वेळाने बोळाकडून माणसं आली. हिरालाल पुढे, आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी.

"अवो बायाहो, चाला घरी! तो आपला डोमाजी होता! गानं झाल्यावर म्हने, आता हे माह्या पुलगाववाल्यांसाठी. अन् असा वाजवला, असा वाजवला! आमीबी आधी दचकलो."

बायांनी आधी शिव्या घातल्या, मग एकेक हसू लागली. वच्छलाबाई सगळ्यांत मोठ्याने. सुमित्रा उठली. आता पाय चालत होते, आणि प्रत्येक पावलागणिक नवीनच भीती अंगात चढत होती. डेपोचं भय होतं तेव्हा निदान पळायला जागा होती. आता घरी जायचं होतं.

मागच्या दारातून ती आत आली. मिरच्या अंगणभर सांडलेल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर देवकाबाई पालथी पडली होती.

खाट पुढच्या दाराशी, आणि म्हातारी इथे. मधली सगळी खोली ती हातांवर सरपटत आली होती. दोन्ही कोपरं सोलवटली होती, लुगड्याला शेण-माती लागली होती. आपल्यामागे जीव वाचवायला निघाली होती म्हातारी. आपण सोडून गेलो आणि ती लुळे पाय ओढत आपल्या मागे आली.

"आत्याबाई! माह्यावर रागावा, मारा मले. मी तुमाले टाकून गेली. मले तुमची सयच राह्यली नाई."

देवकाबाईने मान वर केली. श्वास लागला होता.

"मले काय झालं?" ती म्हणाली. "मले तं ठाऊक होतं, डोमा हाय म्हून. लढाईच्या सालात, पोर होता तवा, तो हा भोंगा काढे. त्याच्यापायी बापाचा मार खाल्ला त्यानं. मी हासून राह्यली होती खाटेवर. मंग मांगचं दार वाजलं. म्हटलं, सुमित्रा भेली. हाका मारल्या, तुले आयकू गेल्या नाई. म्हून सांगाले येत होती, बाई, भेऊ नको, आपला डोमा हाय." तिने उंबऱ्यावर हात टेकला. "पन उंबरा लय उंच हाय."

सुमित्रा तिथेच बसून रडली. मग तिने सासूला उचललं, कोपरं धुतली, हळद लावली, फडकी बांधली. दिवा लावताना तिने न राहवून विचारलं, "तुमच्या लेकाले सांगसान?"

"काय सांगू?" देवकाबाई म्हणाली. "पहिल्यांदा नाव झालं माह्या पोराचं. पान्यासाठी उठाले गेली अन् पडली, असं सांगन."

त्या रात्री सुमित्राला झोप लागली नाही. सासूचं खोटं तिच्यासाठीही होतं, आणि ते तिला अंगावर घेववत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोमाजी आला तो हवेतच. हातात संत्र्यांची पिशवी, खांद्यावर कोट. हिरालालने त्याला रस्त्यातच मिठी मारली होती. आत येऊन तो खाटेपाशी बसला.

"आई, आयकलं ना? शेवटचा भोंगा कागदावर नव्हता! साहेब डोळे वटारून राह्यला होता. म्हटलं, माह्या गावाले कळलं पाहिजे, हा आपलाच मानूस हाय. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं मले! तुमी दोघीनं सोबत आयकलं ना?"

"आयकलं ना," देवकाबाई घाईने म्हणाली, "दोघी इथंच बसून..."

"मी नव्हती," सुमित्रा म्हणाली. "मले खरा वाटला. मी पळाली. आत्याबाईले टाकून, थेट नदीच्या वाटेनं. अन् त्याहीची सय आल्यावरबी परतली नाई. बाभळीखाली बसून राह्यली."

डोमाजी हसला. मांडीवर थाप मारून, खोलीभर हसला. बायकोने इतकी झकास नक्कल कधी केली नव्हती, असंच त्याला वाटलं असावं. हसता हसता त्याने आईकडे पाहिलं, तिच्या कोपरांवरची हळदीने पिवळी झालेली फडकी पाहिली, मग सुमित्राकडे पाहिलं. तोंड हसतंच राहिलं, आवाज मात्र निघेना.

"हासू नको, डोमा," देवकाबाई म्हणाली. "लय भेली होती बिचारी."