बगळ्याची बाटली

लिओनोर बेटनकोर्टने तो घोट घेतला तेव्हा तिचं लक्ष वाइनकडे नव्हतंच. चर्चच्या हॉलमध्ये बाप्तिस्म्याचं जेवण चाललं होतं आणि तिचे कान पलीकडच्या टेबलाकडे लागले होते. तिथे तिचा थोरला भाऊ गिल्बर्ट बदामाच्या रोपांबद्दल रंगात येऊन बोलत होता. मंगळवारी सकाळी मशीन येणार होतं. बापाने लावलेली बारा एकर द्राक्षं मुळासकट उपटायची आणि तिथे बदाम लावायचे, असं ठरलं होतं. लिओनोरने सहीसुद्धा केली होती. सही केल्यापासून तिला धड झोप नव्हती.

घोट पोटात गेला आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी मागे राहिलं. अक्रोडाचं हिरवं साल दाताखाली यावं तसं, तुरट. तिने दचकून पेल्यात पाहिलं. पेला रिकामा होता.

"डोलोरेस, ही कुठली गं?"

डोलोरेस तिची शाळेपासूनची मैत्रीण. ती कानाशी वाकून म्हणाली, "हळू बोल! किराण्यातली आहे, हार्बर पॅन्ट्रीतली. सहा डॉलर. फादरना वाटतंय, मी खास तळघरातनं काढून आणलीय."

"अजून आहे?"

"तुझ्या पेल्यात ओतली ती शेवटची."

बाटलीच्या लेबलवर एका पायावर उभा असलेला बगळा होता. मागे बारीक अक्षरांत 'लोडायची लाल वाइन' एवढंच, म्हणजे त्यांच्याच भागातली, आणि बाटली जिथे भरली त्या कुठल्यातरी गावाचं नाव. लिओनोरने बाटली उलटी करून जिभेवर थेंब घेतला. थेंबात काय कळणार?

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या द्राक्षांना कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा तिने हट्टाने स्वतःच वाइन केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच, साठीला टेकल्यावर. निम्मी द्राक्षं देठांसकट आंबवली. "देठ काढायला कंटाळलीस, असं सरळ सांग की," गिल्बर्ट म्हणाला होता. ती वाइनही कुणी घेईना. शेवटी एका दलालामार्फत दोन्ही टाक्या टँकरमध्ये रिकाम्या झाल्या. माल कुणाकडे गेला हे विचारायचं नाही, अशी कागदावर अट होती. आठवणीला ठेवलेल्या चार बाटल्या त्याच वर्षी संपल्या. त्या वाइनचा तो तुरटपणा मात्र ती विसरली नव्हती.

जेवण अर्धं टाकून ती गाडीत बसली. लोडायच्या हार्बर पॅन्ट्रीत बगळ्याच्या कप्प्यात फक्त किमतीची पट्टी लटकत होती. "गुरुवारी आली, शुक्रवारी संपली," कप्पा पुसणारी बाई म्हणाली. "परत येईल असं नाही. आमच्याकडे चांगली वाइन पाहुण्यासारखी येते, मॅडम. मुक्कामाला राहत नाही."

स्टॉक्टनला त्याच साखळीची दोन दुकानं होती, दोन्हीकडे तेच उत्तर. मंटीकाला एक बाटली दिसली म्हणून तिने झडप घातली, तर तो करकोचा निघाला, आणि वाइन पांढरी. घरी आली तेव्हा बूट काढायचंही तिला सुचेना. स्वयंपाकघरातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून परत आत, अशा येरझाऱ्या चालू राहिल्या. आपलीच असेल तर काय? नसेल तर काय? उपटायची ती उपटायचीच आहेत ना? पाय ठरत नव्हते.

रविवारी चर्चमधली मिसा चुकवून ती धुक्यातून उत्तरेला निघाली. एल्क ग्रोव्हला काही नाही. सॅक्रामेंटोच्या दुसऱ्या दुकानात एक उंच म्हातारा वाइनच्या कप्प्यापुढे उकिडवा बसून तळाच्या बाटल्या एकेक काढून वाचत होता.

"बगळा शोधताय?" तो मान न वळवताच म्हणाला. "तुम्ही आजच्या चौथ्या. उशीर केलात."

त्याचं नाव वेंडेल. चाळीस वर्षं घरोघर टपाल वाटलेलं. आता तो दर आठवड्याला या साखळीची पाच दुकानं फिरायचा. तिने काही विचारायच्या आतच तो शिकवायला लागला. "डोळ्यांसमोरच्या कप्प्याला हात लावायचा नाही, तिथे नुसता झगमगाट. खाली बसायचं. लेबलवर नुसतं 'कॅलिफोर्निया' असेल तर ठेवून द्यायची, गावाचं नाव असेल तर उचलायची. गुरुवारी सकाळी ट्रक येतो, तेव्हा यायचं. एकच बाटली घ्यायची, गाडीपाशी जाऊन चाखायची. बरी निघाली तर धावत परत येऊन खोकं उचलायचं."

"धावत?"

"मग काय! चालत गेलो आणि डझनभर गमावल्या, असंही झालंय."

"बगळ्याच्या किती मिळाल्या?"

"बारा. आणि मागू नका, मी देणार नाही."

लिओनोर त्याच्याशेजारी खाली बसली. गुडघे कडकड वाजले. "मला प्यायला नकोय. ती मी केलेली आहे की काय, तेवढंच बघायचंय."

वेंडेलने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नखांच्या कडा काळ्या होत्या, पायांत कालचेच बूट.

त्याच्या गाडीच्या डिकीत खोकं होतं, कागदी पेले होते, थुंकायला डबाही होता. "गिळायचं नाही हं. तुम्हाला गाडी चालवायचीय."

पहिल्या क्षणी तिचा चेहरा पडला. ही तिची नव्हती. गोल होती, मऊ होती, पिकल्या आलुबुखाऱ्यासारखी. तिची वाइन अशी कधीच नव्हती. ती दारातच भांडायला उभी राहायची. मग हळूहळू तो मऊपणा ओसरला आणि खालून देठ आले, साल आलं, रेताड जमिनीतली ती कोरडी धग आली. सगळं ओळखीचं. कुणीतरी तिच्या वाइनमध्ये दुसरी मिसळली होती, आणि ते करणाऱ्याला नक्की ठाऊक होतं की काय झाकायचं आणि काय राहू द्यायचं.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. आणि संताप कुणावर, तेही कळेना.

"रडताय काय, मॅडम?"

"तुरट आहे, म्हणून."

"त्या तुरटपणासाठीच तर बारा घेतल्या," वेंडेल म्हणाला. "या किमतीतल्या बाकीच्या नुसतं सरबत असतात." मग बराच वेळ विचार करून त्याने दोन बाटल्या काढून तिच्या हातात ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. "लवकर जा, नाहीतर माझं मन बदलेल," म्हणाला.

सोमवारी दुपारी तिने गिल्बर्टच्या घरी जाऊन त्याच्यापुढे पेला ठेवला. बाटली पाठीमागे लपवली होती.

त्याने घोट घेतला, मान हलवली, दुसरा घेतला. "चांगली आहे की. कुणाची?"

"माझी."

"चल, नोरे! तुझी असती तर घसा सोलवटला असता."

"सोलवटलाच होता. कुणीतरी त्यात मऊ काहीतरी घातलंय. मला ते जमलं नव्हतं." तिने बाटली समोर ठेवली. "पण बाकी सगळं आपल्या वेलींचं आहे, गिल. तू ओळखलं नाहीस?"

गिल्बर्टने बाटली फिरवून फिरवून पाहिली. "ओळखलं," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या घोटाला ओळखलं. मग? लोक मिटक्या मारतात म्हणून आपलं पोट भरलं का? दहा वर्षं मी ही जमीन ओढतोय. माझी कंबर गेलीय, नोरे. बदाम मशीन झोडपतं, वाकावं लागत नाही."

तो खरं बोलत होता. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

"बस की एका जागी!"

"पूर्वेकडचे सहा एकर माझे आहेत," ती म्हणाली. "बापाच्या कागदात तसं आहे. ते उपटायचे नाहीत."

"सही केलीस तू."

"केली. आता मोडते."

"एकटी करणार? या वयात?"

"तुझ्यासारखं म्हणणारे होते म्हणून तर तेव्हा वाइन केली."

गिल्बर्ट तिच्यावर ओरडला, टेबलावर हात आपटला, मग थकून खाली बसला. जाताना ती दारात थांबली, तर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाण्याची लाइन दोघांची एकच आहे. उद्या मशीनवाल्याला नीट दाखव, नाहीतर तो फोडून ठेवील."

मंगळवारी धुकं इतकं दाट होतं की मशीन दिसायच्या आधी ऐकू आलं. लिओनोरने हद्दीवर खुंट्या ठोकल्या होत्या आणि चालकाला लाइन कुठून जाते ते तीनतीनदा दाखवलं होतं. मग गिल्बर्टच्या बाजूची पहिली वेल वर आली. सत्तर वर्षांचं गुडघाभर खोड, त्याखाली त्याहून लांब मुळं, मुळांना वाळू. आवाज फारसा झालाच नाही. गिल्बर्ट ट्रकमध्ये बसून समोर बघत होता. ती जाऊन त्याच्याशेजारी बसली. दहा ओळी होईपर्यंत ती बसू शकली, पुढे तिला बसवेना.

बांधावर उभं राहून तिने दलालाला फोन लावला. "बगळ्याच्या बाटलीतल्या माझ्या वाइनमध्ये ती मिसळ कुणी केली?"

"लिओनोर, कागदावर अट आहे. सांगता येत नाही."

"नाव नको सांगूस. असं काम शिकवणारं माणूस सांग. कुणीही. मी विचारायला यायला तयार आहे."

"फ्रेस्नोला एक बाई आहे," तो म्हणाला. "तोंडाची फटकळ. पहिल्या दिवशी तुला हाकलून देईल."

"दुसऱ्या दिवशी?"

"ते तुझ्यावर आहे."

तिने पत्ता हाताच्या तळव्यावर लिहून घेतला. मशीन ओळीच्या टोकाला पोचून वळत होतं. गिल्बर्टने काच खाली केली. "कुठे निघालीस? अजून अर्धं व्हायचंय!"

"फ्रेस्नोला," ती गाडीचं दार उघडत म्हणाली. "लाइनीवर लक्ष ठेव."