झालर लावलेला वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पाय, चार रबरी बूट आणि धरायला दोन मुठी, एवढाच माझा संसार. कारागिराने ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवले, तेव्हा मी चांगला चकचकीत होतो. पण दुकानातली गिऱ्हाइके मला बघून नजर चुकवीत. हौसेने मला कोण घेणार? लाज काय असते ते मी तिथेच शिकलो.

मला घरी आणले ते टेलरकाकूंसाठी. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, "हाड मी जोडलंय, आजी. आता चालायचं काम तुमचं. या वयात अंथरूण धरलं की छातीत कफ साठतो, ताकद जाते, आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही."

काकूंनी मान डोलावली खरी, पण घरी येताच त्यांना माझी लाज वाटू लागली. कोणाचे पोक, कोणाचा उतरता खांदा कपड्यात बेमालूम झाकण्यात त्यांचा हातखंडा होता. मग मला कशा सोडतील? पडद्याच्या उरलेल्या कापडाची, जमिनीवर लोळणारी झालर त्यांनी मला शिवली. पाहुण्यांना मी टॉवेल वाळत घालायचा स्टँड वाटे. ते बसलेले असेपर्यंत काकू खुर्चीतून हलत नसत. पाणीही पीत नसत, न जाणो उठावे लागले तर. हळूहळू पायांच्या काड्या झाल्या, खोकला लागला. आणि मी आपला कोपऱ्यात नटून उभा. माझी मलाच शरम वाटे.

एके दुपारी त्या उठताना माझा बूट झालरीत अडकला आणि मी कलंडलो. सुनेने धावत येऊन धरले म्हणून काकू वाचल्या. दुसऱ्यांदा पडल्या असत्या तर पुन्हा उठल्या नसत्या. त्या खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "माझंच शिवण माझ्या जिवावर उठलं गं." त्यांनी कात्री मागितली आणि झालर स्वतःच्या हाताने उसवून टाकली.

त्या संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेलो. सगळे बघत होते. काकूंचे कान लाल झाले होते, माझ्या मुठी घामाने ओल्या झाल्या होत्या. बेकरीवाली मात्र माझ्यावरून नजर हटवेना. मग हळूच म्हणाली की तिच्या सासऱ्यांचाही खुबा मोडलाय, ऑपरेशनही झालंय, पण ते कॉटवरून उतरायला तयार नाहीत आणि खाणंही सुटत चाललंय. सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. एकेकाळी सगळी गल्ली त्यांना वचकून असे.

काकू तशाच दुकानामागच्या खोलीत शिरल्या. हेडमास्तरांनी आम्हाला पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले.

"सर," काकू म्हणाल्या, "मलाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय. उठा. दोघं मिळून लाजू."

हळूहळू भिंतीकडचे तोंड इकडे वळले. मग हेडमास्तरांनी सुनेला खूण केली आणि तिने कॉटखालून माझा एक भाऊबंद ओढून काढला. त्याच्या अंगावरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी आमच्यातला कोणी असेल, तर पाहुणे आले म्हणून त्याला दाराआड ढकलू नका. आमची लाज वाटली तर वाटू द्या, पण आम्हाला आजी-आजोबांच्या हाताशी ठेवा.