सिस्टर देवस्थळी पाण्यात उतरतात

तनिषा देवस्थळी मॉर्मन झाली ती हीटिंगमुळे, असं तिचे वडील हरीश अजूनही सांगतात. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला शाळेत असताना तिची नेटबॉलची टीम हिवाळ्यात सरावाला मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एका चर्चच्या हॉलमध्ये जायची. हॉल गरम असायचा, लोक हसून बोलायचे आणि घरी केलेला केक मिळायचा. हरीशना वाटलं, उन्हाळा आला की उतरेल. उन्हाळे आले नि गेले. एके दिवशी तनिषाने जेवताना जाहीर केलं की ती बाप्तिस्मा घेऊन बसली आहे आणि आता दीड वर्ष मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जाणार आहे.

"म्हणजे युनिव्हर्सिटी?" आईने, मीनलने, विचारलं.

"नंतर."

"देव बदललास ते एक वेळ ठीक आहे गं," मीनल म्हणाली, "पण गॅप इयर?"

कुणाला कुठे पाठवायचं हे चर्च ठरवतं. तनिषाच्या मनात ब्राझील होतं. आलं एडिनबरा.

तिथे तिला सिस्टर लार्सन भेटली. वय एकोणीस, उंची दाराला लागेल अशी, गाव आयडाहोमधलं गुरांचं रँच. मिशनवर जोडीदार नेमून देतात आणि त्या जोडीदाराला बाथरूम सोडून कुठेही नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा नियम. नियम इतरही होते. साडेसहाला उठायचं. एकमेकींना आडनावाने हाक मारायची. चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही, सिनेमा नाही, मुलगे तर नाहीच नाहीत. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर आडनाव, त्याखाली येशू ख्रिस्ताचं नाव. 'देवस्थळी' हे आडनाव स्कॉटलंडमध्ये कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती सगळ्यांची 'सिस्टर डेव्ह' झाली.

काम म्हणजे दारं वाजवणं. बहुतेक दारं उघडतच नसत. एक माणूस टॉवेलवर आला आणि टॉवेल सांभाळत म्हणाला की त्याला आधीच दोन धर्म आहेत, एक बायकोचा आणि एक बायकोच्या आईचा. एका आजोबांनी सांगितलं, "मी इथल्या फुटबॉल टीमचा सपोर्टर आहे, माझ्या श्रद्धेची परीक्षा दर शनिवारी चालू असते," आणि दार लावून घेतलं. लार्सन प्रत्येक बंद दाराला मनापासून "थँक यू" म्हणायची. तनिषा फक्त बूट झटकायची. तिला वाटलं होतं की धर्मप्रसार म्हणजे काहीतरी उदात्त असेल. तो बराचसा ओल्या मोज्यांचा प्रकार निघाला.

ऑगस्टमध्ये एका दगडी बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका ठेंगण्या, पांढऱ्या बॉबकटवाल्या बाईंनी. त्यांनी तनिषाच्या छातीवरची पट्टी चष्मा वर करून वाचली.

"देवस्थळी?" त्या म्हणाल्या. "आणि हे काय लटकवलंयस?" सरळ मराठीत.

तनिषाने पाठ केलेली सगळी इंग्रजी वाक्यं सोडून दिली. "मी... आम्ही मिशनरी आहोत. हा माझा कंपॅनियन आहे."

"ही माझी. मुलगी आहे ना ती? आत या दोघी, जिन्यात वारा येतोय."

या डॉक्टर सुप्रभा करंदीकर. आयुष्यभर त्यांनी इथल्या हॉस्पिटलांत म्हाताऱ्या माणसांवर उपचार केले होते आणि आता स्वतः म्हाताऱ्या झाल्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येकाच्या चुका काढत होत्या. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. आजी म्हटलेलं त्यांना चालत नसे, मावशी म्हणायचं. देवावर त्यांचा विश्वास नव्हता आणि ही गोष्ट त्या रक्तगट सांगावा तशी आधीच सांगून टाकत.

त्यांनी चहा टाकला. दोघींनी नको म्हटलं.

"नको म्हणजे? साखर नको?"

"चहाच नको, मावशी. आमच्यात चालत नाही."

सुप्रभाबाई पातेल्याकडे पाहत राहिल्या. "दारू सोडणारे पाहिलेत, मटण सोडणारे पाहिलेत. मराठी घरात जन्मून चहा सोडणारी पहिली तूच." मग त्यांनी कोकम सरबत केलं. लार्सनने ते तीन ग्लास प्यायलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं की हे कशापासून बनतं.

सुप्रभाबाईंनी एक सौदा ठरवला. मिशनरींचे धर्माचे धडे त्या ऐकून घेतील, पण प्रत्येक धड्याआधी घरातलं एक काम. मिशनरींना सेवा करायला सांगितलेलीच असते, त्यामुळे दोघी खूश झाल्या. लार्सनने फ्रीज सरकवला, पडदे काढले, गॅलरीतली मेलेली कबुतरं आवरली. धडे मात्र पुढे सरकेनात. स्वर्गाचे तीन मजले असतात हे ऐकल्यावर सुप्रभाबाईंनी विचारलं, लिफ्ट आहे का? तनिषाचं 'तो पुस्तक' आणि 'माझा प्रार्थना' त्या वाक्यागणिक थांबवून सुधारत. "आधी लिंग नीट लाव, मग मला वाचव," त्या म्हणायच्या.

सप्टेंबरात एकदा दोघी आत शिरल्या तर हॉलमध्ये गणपती. चांगला मोठा, शाडूचा, जानवं-बिनवं घातलेला.

"मावशी, तुम्ही तर..."

"मी नास्तिकच आहे. पण माझा हॉल मोठा आहे," सुप्रभाबाई म्हणाल्या. इथल्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी ज्यांच्याकडे बसायचा ते ॲबरडीनला गेले होते. कमिटीने सगळ्यांना फोन केले. कुणाकडे कुत्रा होता, कुणाकडे बाळंतीण होती. सुप्रभाबाईंकडे कुणीच नव्हतं.

विसर्जनाच्या रविवारी चर्च आटपून दोघी आल्या, तेव्हा दारात कमिटीचे चार पुरुष उभे होते. चौघांच्याही कमरेला कंबरदुखीचा पट्टा. त्यांतले एक तर हाडांचे सर्जन होते आणि मूर्ती कशी उचलू नये हे फार छान समजावून सांगत होते. लिफ्ट नव्हती. बाहेर गाडी चुकीच्या जागी लावलेली होती आणि दंड करणारा पार्किंगचा वॉर्डन कोपऱ्यावर दिसत होता.

लार्सनने तनिषाला विचारलं, "याला खाली न्यायचंय?"

"हो. पण आपण..."

"वासराएवढा तर आहे," लार्सन म्हणाली. तिने बूट काढले, कारण सगळ्यांनी काढलेले होते, आणि खाली वाकून मूर्तीला मिठी मारली.

तनिषाने क्षणभर विचार केला. खरं तर तिने विचार करायला हवा तेवढा केला नाही. जिन्याच्या वळणावर सोंड कठड्याला लागणार असं दिसलं आणि तिचे हात आपोआप पुढे गेले. खाली पोचेपर्यंत पट्टेवाले चौघे "सावकाश, सावकाश" म्हणत होते, आणि सुप्रभाबाई मागून मोदकांचा डबा घेऊन उतरत होत्या.

पोर्टोबेल्लोच्या किनाऱ्यावर वारा असा होता की आरतीचं निरांजन तीनदा विझलं. शेवटी फोनचा टॉर्च ओवाळला. मग प्रश्न आला की पाण्यात कोण जाणार. ओहोटी होती. पाणी कमरेएवढं व्हायला बरंच आत जावं लागणार होतं. चौघांनी एकमेकांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. लार्सनने कुणाची वाट पाहिली नाही. लांब स्कर्ट, वर कोट, त्यावर नावाची पट्टी, कडेवर गणपती, अशी ती उत्तर समुद्रात चालू लागली. तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही हा नियम असल्यामुळे तनिषाही गेली.

"किती थंड आहे हा पाणी!" ती ओरडली.

"हे पाणी!" काठावरून सुप्रभाबाई ओरडल्या.

मूर्ती दोघींनी मिळून सोडली. ती हळूच खाली गेली. काठावर सगळे 'मोरया' म्हणाले आणि लार्सनही दोन्ही हात वर करून म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. त्यात समुद्र होता, बुडणारा मुकुट होता, आणि तनिषाच्या छातीवर येशू ख्रिस्ताचं नाव अगदी सुवाच्य होतं.

त्यांचे स्कर्ट वाळायच्या आत तो फोटो ब्रॅकनेलला पोचला. मिशन प्रेसिडेंटकडेही पोचला. प्रेसिडेंट म्हणजे तिथल्या सगळ्या मिशनरी पोरापोरींचे साहेब. उटाहमधले निवृत्त डेंटिस्ट, प्रेसिडेंट हॅडली. त्यांनी दोघींना व्हिडिओ कॉल लावला. दोघी सोफ्यावर गुडघे जुळवून बसल्या. आता आपल्याला घरी पाठवणार, याची तनिषाला खात्री होती.

"हत्तीच्या त्या मूर्तीबद्दल," हॅडली म्हणाले, "मी पुष्कळ विचार केला. तुम्ही शेजाऱ्यांचं ओझं उचललंत. मी त्याला सेवा म्हणेन." ते थांबले. "पण सिस्टर्स, तुम्ही पाण्यात आहात."

"कमरेपर्यंतच, प्रेसिडेंट," तनिषा म्हणाली.

"मिशनरीने पाण्यात उतरायचं नाही. कारण काय असेना."

"पण ती तरंगत नव्हती, प्रेसिडेंट," लार्सन म्हणाली. "कुणीतरी न्यायलाच हवी होती."

हॅडलींनी डोळे मिटले. रागावले होते की हसू आवरत होते ते स्क्रीनवर कळेना. शेवटी त्यांनी प्रार्थना सांगितली, आणि ती संपल्यावर जिथे आमेन म्हणायचं तिथे सिस्टर लार्सन ठणठणीत आवाजात "मोरया" म्हणाली.

सोमवारी घरी फोन करायची मुभा असते. मीनलने पहिल्याच रिंगला उचलला. ती रडत होती.

"मला माहीत होतं गं! बाबांना म्हटलंच होतं, पोरगी परत येणार. सगळ्या ग्रुपवर फोटो टाकलाय मी. कधी येतेस? तुझी खोली आवरलीय."

तनिषाने पाहिलं की खोटं बोलणं किती सोपं आहे. फक्त गप्प राहायचं होतं.

"आई, मी परत नाही येत. ती... तो मूर्ती जड होती. म्हणून उचलला."

"म्हणजे?"

"म्हणजे मी अजून मॉर्मनच आहे. आणि मला आवडलं पण. दोन्ही."

मग मीनल म्हणाली, "दोन्ही असं नसतं," आणि फोन ठेवला.

तिने लगेच मंडळाच्या लोकांकडून नंबर मिळवून सुप्रभाबाईंना फोन केला. "अहो डॉक्टर, तुमच्यामुळे मुलगी एवढी तरी आली, आता जरा समजवा ना तिला."

"मी कशाला समजावू?" सुप्रभाबाई म्हणाल्या. "मला देवही पटत नाही आणि तिचा धडाही पटत नाही. पण ती पावसात तीन जिने चढून येते. तुम्ही एकदा येऊन बघा, ती दिवसभर काय करते. बघितलंयत का कधी?"

मीनलने बघितलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी ती विमानाने आली. तनिषा घाबरली; कामाच्या दिवशी घरच्यांना भेटायची परवानगी नव्हती.

"मी कुठे भेटतेय?" मीनल म्हणाली. "मी रस्त्याने चाललेय. फुटपाथ काही चर्चचा नाही." आणि ती थोडं अंतर ठेवून दोघींच्या मागून निघाली. सुप्रभाबाईंनी दिलेली छत्री तिच्या हातात होती.

तिने पाहिलं. पहिलं दार उघडलं नाही. दुसऱ्या घरातल्या बाईने खिडकीतूनच हात हलवला, माशी हाकलावी तसा. तिसऱ्या दारातल्या पोराने लार्सनच्या उंचीवर काहीतरी शेरा मारला आणि लार्सन "थँक यू" म्हणाली. पाऊस तिरका होता. चौथ्या दारात एक जाडजूड माणूस आला, पायात सपाता, मागे भुंकणारा कुत्रा. तनिषाने तोंड उघडलं. पहिलं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याने तिच्या नाकासमोर दार आपटलं.

तनिषा वळली, तर आई फाटकातून आत येत होती.

"आई, प्लीज. हे असंच असतं."

मीनलने बेल दाबली आणि बोट काढलंच नाही. दार उघडलं.

"माझी मुलगी बोलत होती," ती इंग्रजीत म्हणाली. "वाक्य पूर्ण झालं नव्हतं."

माणूस गडबडला. "तुम्हीपण यांच्यातल्याच का?"

"मुळीच नाही. मी हिंदू आहे. ही जे सांगते त्यातलं मला एक अक्षर पटत नाही. तरी ऐकून घ्या."

"पण मग मी का..."

"कारण ती भिजलीय," मीनल म्हणाली, "आणि तुम्ही नाही."

माणसाने कुत्र्याला आत ढकललं आणि खरंच हाताची घडी घालून उभा राहिला. आता बोलायचं होतं आणि तनिषाला पाठ केलेलं काहीच आठवेना. मग तिने तिला जे वाटत होतं ते सांगितलं. शाळेत असताना तिला सारखं वाटायचं की आपण कुठेच पुरत्या बसत नाही, घरी मराठी चुकते आणि बाहेर रंग चुकतो. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की देव तिला नावानिशी ओळखतो. ते खरं असेल की नाही, ती रोज नव्याने विचारते, आणि बहुतेक दिवशी उत्तर हो येतं. एवढं बोलून ती थांबली. लार्सन तिच्याकडे बघतच राहिली. हे तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

"बरं," माणूस म्हणाला. "मला नको आहे. पण बरं." या खेपेला त्याने दार हळू लावलं.

तिघी फाटकाबाहेर आल्या. मीनल छत्रीच्या काड्यांशी उगाच खटपट करत होती.

"मराठी चुकते म्हणून तुला एवढं वाटायचं?" तिने विचारलं.

"थोडं."

"मला सांगायचंस तरी. मी सगळ्यांसमोर सुधारत बसायचे." मग तिने नाक पुसलं. "आणि सुरुवात चुकते तुझी. 'एक मिनिट आहे का' विचारलंस तर कुणाकडे असेल? सरळ बोलायला लागायचं."

"यस, मिसेस देवस्थळी," लार्सन म्हणाली. तिला फक्त सूर कळला होता.

त्या रस्त्यावरची उरलेली घरं त्यांनी तशीच केली. कुणीही धर्म बदलला नाही. एका बाईने तिघींना बिस्किटं दिली.

संध्याकाळी एअरपोर्टवरून मीनलने हरीशना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय, आणतेस का तिला?"

"नाही," मीनल म्हणाली. "कामात आहे ती."